आडवा वड

सुबोध आठल्ये पाठीने दार धरून उभा होता आणि दार त्याला मागून ढकलत होतं, मधल्या सुट्टीत एखादा दांडगट पोरगा ढकलतो तसं.

"अहो, कडी लावा ना!" रुक्मिणी स्वयंपाकघरातून ओरडली.

"कडी तुटली. सध्या मीच कडी आहे."

उन्हाळ्यात झाशीत आँधी येते, यात नवल काही नाही. दुपार कलली की आभाळ मातीच्या रंगाचं होतं, वीज जाते, गल्लीतले पत्रे वाजतात. मग वारा पुढे दतियाकडे निघून जातो आणि अख्खं प्रेम नगर झाडू घेऊन बाहेर येतं. पण आजची आँधी घाईत नव्हती. ती बूड टेकून बसायला आली होती. खिडकीतला कूलर तिने पाण्यासकट उचलून खोलीत आणून ठेवला. कॅलेंडरची पानं एकदम पुढे गेली आणि दिवाळीवर जाऊन थांबली. सुबोधने डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर त्यात गच्चीवरची निम्मी माती मावली असती.

मग बाहेर असा काही आवाज झाला की दोघांनाही वाटलं, आपणच पडलो.

थोड्या वेळाने दाराने ढकलणं सोडलं. सुबोध बाहेर आला. अंगण जागेवर होतं, पण त्यात उजेड फार झाला होता. एवढा उजेड त्या अंगणात त्याने जन्मात पाहिला नव्हता. वड पडला होता. मुळं सुबोधच्या अंगणात आभाळाकडे तोंड करून उभी होती. मधली भिंत फोडून खोड पलीकडे गेलं होतं आणि शेंडा चुलतभाऊ अंबरीशच्या न्हाणीघरात शिरला होता.

माणूस म्हणून सुबोधच्या मनात पहिला विचार यायला हवा होता तो अंबरीशचा. तो आलाही, पण दुसऱ्या नंबरावर. पहिला आला तो असा: 'तिकडे का पडला?'

सुबोधचे आणि अंबरीशचे वडील वेगळे झाले तेव्हा मध्ये भिंत घातली गेली. विहीर तिकडे गेली, वड इकडे आला. झाशीत विहीर सोडून वड घेणाऱ्याला काय म्हणतात, ते सुबोधच्या वडिलांना लोकांनी आयुष्यभर ऐकवलं. पण वडाचंही एक होतं. वर्षातून दोनदा त्याच्यापाशी माणसं येत. वैशाख सरता सरता अमावस्येला मोहल्ल्यातल्या हिंदी बोलणाऱ्या बायका येत, कारण त्यांची बरगद पूजा तेव्हा असते. मग पंधरवड्याने पौर्णिमेला मराठी समाजाच्या बायका वटसावित्रीला येत. सावित्रीने यमाला एकदाच परत पाठवलं असेल, सुबोधच्या अंगणातून तो दरसाल दोनदा परत जाई.

त्या दोन दिवशी सुबोध कॉलेजच्या परीक्षा विभागातून रजा घ्यायचा. इस्त्रीचा कुर्ता घालून ओसरीवर खुर्ची टाकायचा. "चप्पल इधर," "दिया हवा में मत रखिए," "पाणी हवंय का, वहिनी?" बायका विचारायच्या, "भैया, माचिस है?" आणि सुबोधकडे माचिस असायची. दोन्ही खिशांत असायची. वर्षातले ते दोन दिवस सोडले, तर सुबोधला कोणी काही विचारत नसे. परीक्षा विभागातही मुलं खिडकीशी येऊन म्हणत, "सर कब आएँगे?" आणि सर म्हणजे तो नव्हे, हे दोघांनाही ठाऊक असे.

अंबरीशचं तसं नव्हतं. अंबरीश रेल्वेत गार्ड होता, गायचा, आणि त्याला नेहमी काहीतरी व्हायचं. मागे त्याला सदर बाजारात माकड चावलं तर अर्धी झाशी बघायला आली. त्याच्या बायकोने, वसुंधरावहिनींनी, तेव्हा इतका चहा केला की दूधवाल्याने मुलीचं लग्न त्या महिन्यात काढलं. दहा-बारा दिवसांनी सुबोधला माकड चावलं. बहुधा तेच. डॉक्टर पट्टी बांधता बांधता म्हणाला, "अच्छा, आपको भी?" बस्स, एवढाच समाचार.

आणि आता स्वतः लावलेलं नसलं तरी स्वतः पाणी घातलेलं झाड, आपल्या अंगणातलं, आपल्या नावचं, जाऊन कोणावर पडलं? तर अंबरीशवर.

"भावोजी! वसुंधरा! कोणी आत नाही ना?" रुक्मिणी विटांच्या ढिगाऱ्यावर चढून ओरडत होती.

"सगळे बाहेर!" पलीकडून अंबरीशचा आवाज आला, ठणठणीत. "सुब्या, अरे तुझा वड अंघोळीला आलाय!"

आणि तो हसला. सुबोधच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ लागली. स्कूटर, ऑटो, एक तर मऊरानीपुरहून बसने आलेला मावसभाऊ. सगळे सुबोधच्या फाटकावरून पुढे गेले आणि अंबरीशच्या फाटकातून आत शिरले. सुबोध फाटकाला कोपर टेकून उभा होता. "इधर जड़ है," तो एका गृहस्थाला म्हणाला. "हाँ हाँ, अच्छा," गृहस्थ म्हणाले आणि शेंडा बघायला गेले. मुळं बघायला कोण येतं?

पलीकडे वसुंधरावहिनी पन्हं देत होत्या आणि अंबरीश हकीकत सांगत होता. पहिल्या दिवशी त्या हकीकतीत तो सोफ्यावर होता. दुसऱ्या दिवशी तो न्हाणीघराकडे निघाला होता. तिसऱ्या दिवशी आत पाऊल टाकलं होतं. चौथ्या दिवशी साबण डोळ्यांत होता.

"डोळ्यात साबण, आणि आतून आवाज आला: अंबरीश, बाहेर निघ!"

"आतून की बाहेरून?" कोणीतरी विचारलं.

"आतून. अंतरात्म्यातून."

"तो त्या वेळी खरबूज खात होता," सुबोध भिंतीअलीकडे पुटपुटला. "मला वास आला होता."

वर्तमानपत्राचा माणूस येऊन फोटो काढून गेला. छापून आलं त्यात अंबरीश फांदीवर हात ठेवून उभा होता, वाघ मारल्यासारखा, आणि खाली लिहिलं होतं, 'प्रेम नगर में अंबरीश जी के घर का बरगद गिरा'.

"अंबरीश जी के घर का!" सुबोधने पेपर रुक्मिणीपुढे धरला. "घर का! वाच. घर पे असतं तर मी एक शब्द बोललो नसतो."

"मग पेपरच्या ऑफिसला जा ना."

त्याच संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, आभाचा, फोन आला. "बाबा, किती डेंजर! अंबूकाका ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"बापरे. साबण होता ना डोळ्यात?"

सुबोधने फोन रुक्मिणीकडे दिला आणि मुळांपाशी जाऊन उभा राहिला. अमावस्येला बांधलेले लाल-पिवळे धागे खोडाला अजून तसेच होते. समोरच्या तिवारी भाभी दारात गहू निवडत होत्या. त्यांनी सांत्वन केलं ते असं: "भैया, हमारा तो हो गया, समय से. आप लोग ही पूनम के लिए रुके रहते हो."

हीच तर पीडा होती. पौर्णिमा आठवड्यावर आली होती आणि मराठी समाजाच्या बायका कुठे येणार, हा प्रश्न उघडा पडला होता. अंगणात वडच उभा नसेल, तर सुबोधच्या फाटकातून का म्हणून येतील? आणि शेंडा, पानं, फांद्या, पन्हं, सगळं तिकडे. बायका अंबरीशच्या घरी वड पुजतील. अंबरीश त्यांना माचिस देईल.

त्याने चैतन्य गुरुजींना फोन केला. गुरुजी तरुण होते, दिवसा बँकेत असत. "गुरुजी, आडवा वड चालतो का?"

"म्हणजे?"

"पुजायला. मुळं माझ्याकडे आहेत. अर्धी अजून मातीत आहेत."

गुरुजींच्या मागे कोणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. "हे पाहा काका, वड उभाच असावा असं शास्त्रात कुठे म्हटलेलं नाही. आडवा असावा असंही नाही. शास्त्राने हा विषयच घेतलेला नाही."

सुबोधने त्यातला पहिला भाग तेवढा ऐकला. म्हणून नगर निगमची माणसं करवत घेऊन आली तेव्हा तो हात पसरून खोडापुढे उभा राहिला. "पूनम तक कोई हाथ नहीं लगाएगा. पेड़ मेरा है."

"भाईसाहब, पेड़ आपका है, पर बाथरूम तो इनका है," मुकादम म्हणाला.

सगळ्यांनी अंबरीशकडे पाहिलं. अंबरीशने क्षणभर न्हाणीघराकडे पाहिलं. तिथे बादलीत एक फांदी उभी होती. "राहू दे," तो म्हणाला. "सुब्याचं मन मोडत नाही मी. पौर्णिमेपर्यंत आम्ही त्याच्याकडे अंघोळ करू."

हा माणूस असा वार करायचा. समोरच्याचं मन राखून.

दुसऱ्या दिवसापासून अंबरीश टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीच्या भगदाडातून यायचा आणि सुबोधच्या न्हाणीघरात गायचा. पाणी त्याच्याच विहिरीचं, पाइपाने आणलेलं, त्यामुळे लवकर बाहेर ये म्हणायचीही सोय नव्हती. ज्या न्हाणीघरात सुबोधने जन्मभर खाकरण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ते न्हाणीघर अंबरीशच्या गळ्याला असं काही घुमायचं की गल्लीतले लोक थांबत. समाचाराला आलेली मंडळी आता सुबोधच्या ओसरीवर बसू लागली. शेवटी आली एकदाची. "अंबरीश जी हैं?" ती विचारत, आणि सुबोध सांगत असे, "अंदर नहा रहे हैं." हुबेहूब परीक्षा विभागाच्या खिडकीसारखं.

"हा वड नेमका तिकडेच का पडावा?" एका रात्री जेवताना त्याने विचारलं. "वारा तर चारी बाजूंनी होता. इकडे पडायला काय झालं होतं?"

"आपल्या डोक्यावर?"

"डोक्यावर नाही. जरा बाजूला."

रुक्मिणीने त्याच्या ताटात आमटी वाढली. "इकडच्या अंगाला पारंब्या आहेत. खांबासारख्या उभ्या आहेत जमिनीत. तिकडच्या अंगाला टेकू होता कुठे? ठेवलात का तुम्ही?"

सुबोधने आमटीत भात कालवायला घेतला.

दर रविवारी चहा झाला की तो स्टुलावर चढायचा आणि अंबरीशच्या अंगणाकडे उतरणाऱ्या पारंब्या कात्रीने छाटायचा. काही लोक मिशी कातरतात तसं. बाप गेल्यापासून एक रविवार चुकवला नव्हता. पारंबी तिकडे जमिनीला लागली की तिचं खोड होणार, खोड झालं की अंबरीशकडेही वड होणार, आणि मग पौर्णिमेला निम्म्या बायका तिकडे जाणार. एवढं साधं गणित होतं. बिचारा अंबरीश पलीकडून म्हणायचा, "सुब्या, छान निगा राखतोस रे झाडाची."

"मला माहीत होतं," रुक्मिणी म्हणाली. "पण म्हटलं, माणसाला काहीतरी छंद असावा."

सुबोधने त्या रात्री कात्री फडताळात मागे सरकवून ठेवली. पण याचा अर्थ त्याची जळजळ गेली असं नव्हे. उलट आता तिला बसायला नवी जागा मिळाली. जे आपण स्वतःच्या हाताने केलं, त्याचाही मान अंबरीशला मिळाला होता.

पौर्णिमेला तो उजाडताच उठला. आपल्या बाजूची माती झाडली, मुळांना पाणी घातलं, मुळांसमोर रांगोळीपुरती जागा सारवून घेतली. खुर्च्या मांडल्या. इस्त्रीचा कुर्ता घातला. माचिस खिशात टाकल्या. मग भगदाडातून पलीकडे पाहिलं, तर अंबरीशने टेंट हाउसच्या लाल खुर्च्या आणल्या होत्या. गादीवाल्या. वसुंधरावहिनी उपासाच्या तोंडाने पन्ह्यात गूळ हलवत होत्या.

"सुब्या, कमी पडल्या तर इकडून ने!" अंबरीशने हाक मारली.

"पुरेत," सुबोध म्हणाला.

ऊन भिंतीवर आलं. मग भिंतीवरून उतरून अंगणात आलं. फाटक वाजलं की सुबोध उठे. एकदा दूधवाला होता, एकदा गाय होती. गायीने वडाची दोन वाळकी पानं तोंडात घेतली आणि परत टाकली. पलीकडेही काही आवाज नव्हता. अंबरीश गात नव्हता, त्यावरून सुबोधला कळलं की तिकडेही कोणी नाही.

रुक्मिणी फोन घेऊन बाहेर आली. "दीप्तीचा मेसेज आहे ग्रुपवर. रात्रीच टाकलाय, मी आत्ता पाहिला."

दीप्ती महिला मंडळाची सेक्रेटरी. तिने लिहिलं होतं की आँधीमुळे सुबोधभैयांकडे गैरसोय व्हायला नको, म्हणून यंदाची पूजा समाजाच्या हॉलमध्ये ठेवली आहे. नर्सरीतून गमल्यातला वड आणला आहे. कूलर आहे. गाडी लावायला जागा आहे. खाली आज सकाळचा फोटो होता. गमल्यातल्या वडाला इतकं सूत गुंडाळलं होतं की तो कानटोपीतल्या तान्ह्या बाळासारखा दिसत होता. भोवती सगळ्या बायका हसत होत्या. रांगेने. एकसुद्धा राहिली नव्हती.

"पुढच्या वर्षीही तिथेच, असं लिहिलंय," रुक्मिणी म्हणाली. "सगळ्यांनी अंगठे दिलेत."

सुबोध खुर्चीवर बसला. मग ती आपण पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची आहे हे लक्षात येऊन उठला. मग पुन्हा बसला. पलीकडे लाल खुर्च्या ओळीने रिकाम्या होत्या आणि शेवटच्या खुर्चीवर अंबरीश एकटाच बसून पन्हं पीत होता. अंबरीशकडेही कोणी आलं नव्हतं. हे पाहून आपल्याला बरं वाटेल असं सुबोधला वाटलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. बरं वाटलं नाही.

रुक्मिणी आतून साडी बदलून आली. हातात पूजेचं तबक, त्यात आंबा, हळदकुंकू, सुताचं गुंडाळं.

"हॉलवर जाते आहेस?"

"हॉलवर कशाला? वड इथे आहे ना."

"आडवा आहे."

"मग? तुम्हीही दुपारभर आडवेच असता. तुमच्यासाठी करतेच आहे ना मी?"

हा विषय तर शास्त्रानेही घेतला नसता. रुक्मिणीने मुळांपाशी तबक ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि हात पुढे केला. सुबोधने माचिस दिली. तिची काडी पेटेना, म्हणून दुसऱ्या खिशातली दिली.

"रुक्मिणी, थांब गं! मी पण येते!" पलीकडून वसुंधरावहिनी पदर खोचत निघाल्या.

आता अडचण फेरीची होती. उभ्या वडाला फेरी सोपी. हा वड दोन घरांतून पडलेला. त्याला पुरी फेरी घालायची, तर सुबोधच्या अंगणात मुळांना वळसा, मग खोडाच्या एका अंगाने पडक्या भिंतीच्या विटांवरून अंबरीशच्या अंगणात, तिथे न्हाणीघराच्या मागून शेंड्याला वळसा, आणि खोडाच्या दुसऱ्या अंगाने विटांवरूनच परत. विटा हलत होत्या. दोघी उपाशी होत्या आणि सुताचं गुंडाळं सोडत चालायचं होतं.

"पडाल," सुबोध म्हणाला. तो जाऊन विटांवर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. रुक्मिणीने एका हाताने सूत सांभाळलं, दुसऱ्याने त्याचा हात धरला आणि ती पलीकडे उतरली. मग वसुंधरावहिनींनी धरला. त्यांचा हात पन्ह्याने चिकट होता. "थँक्यू हं भावोजी," त्या म्हणाल्या. त्या घरात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली, पण त्यांनी सुबोधला कशाबद्दल तरी थँक्यू म्हणण्याची ती पहिलीच वेळ. म्हणण्यासारखं आजवर काही झालं नव्हतं, हेही खरं.

परतीच्या अंगाला, खोडापलीकडच्या विटांवर, अंबरीश येऊन उभा राहिला होता. तोही हात देत होता. "सुब्या, तिकीट लावू या का रे? तू चढवायचं, मी उतरवायचं!"

"तू गार्ड आहेस. नुसती शिट्टी मार," सुबोध म्हणाला. अंबरीश मोठ्याने हसला. सुबोधने बोललेल्या कशावर तरी कोणीतरी हसलं होतं. ते अंबरीशने हसावं, एवढं मात्र त्याला जरा खटकलं.

फेऱ्या होत राहिल्या. सूत मुळांवरून, विटांवरून, बादलीतल्या फांदीवरून, टेंट हाउसच्या एका खुर्चीच्या पाठीवरून दोन्ही अंगणांत फिरत गेलं. दर फेरीला सुबोध आधी आपल्या हातात हात येतो का ते बघायचा आणि मग मान वाकडी करून, अंबरीशचा हात किती वेळ धरला जातो तेही बघायचा. साधारण सारखाच वेळ होता. कधी कधी तिकडे किंचित जास्त.

हळूहळू दोघींचे पाय विटांना सरावले. कुठली वीट हलते आणि कुठली हलत नाही, ते त्यांना कळलं. पुढच्या फेरीला त्या बोलत बोलतच आल्या. यंदा लोणच्याला कैरी कुठून आणायची, असं काहीतरी चाललं होतं. रुक्मिणीने सुबोधच्या हाताकडे न बघता पदर उचलला, नेमक्या विटेवर पाय दिला आणि ती पलीकडे गेली. मागून वसुंधरावहिनी.

सुबोधने सवयीने मान वाकडी केली. थोड्या वेळाने त्या अंबरीशच्या बाजूने परत आल्या, तशाच बोलत. त्याचाही हात कोणी घेतला नाही.

खोडाच्या दोन बाजूंना दोघे भाऊ हात पुढे करून उभे होते. ऊन डोक्यावर येत होतं. बायका मुळांना वळसा घालत होत्या आणि पुन्हा इकडेच येणार होत्या, म्हणून दोघांपैकी कोणीच आधी हात खाली घेतला नाही.